वाळूखालचा क्राउन पिलर काढताना: आधी वर काय आहे ते बघा, मग ड्रिल उचला

भूमिगत खाणीत दोन मजल्यांच्या मधे आधाराला सोडलेलं खनिज, म्हणजे पिलर, काढण्याचा प्लॅन तपासायला माझ्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्याच पानावर ड्रिलिंगचा पॅटर्न असतो. किती होल, किती मीटर, किती सुरुंगाची दारू, किती टन माल (खनिज). पिलरच्या वर काय भरलंय, कधी भरलंय, ओलं आहे की कोरडं, हे शेवटच्या पानावर एका ओळीत उरकलेलं असतं: ‘वर सँड फिल (वाळूची भरण) आहे.’ हा क्रम उलटा आहे आणि बहुतेक गडबडी तिथूनच सुरू होतात.

हा लेख नागपूर, भंडारा, बालाघाट पट्ट्यातल्या मँगनीज खाणींसारख्या कामांना धरून लिहिला आहे. उभा किंवा तिरका पट्टा, कट अँड फिल पद्धत, तळापासून वर एकेक कट (थर) घेत जायचं आणि मागे हायड्रॉलिक सँड स्टोइंग, म्हणजे पाण्याबरोबर वाळू सोडून पोकळी भरणं, करायचं. खालच्या लेव्हलचा (खाणीच्या मजल्याचा) स्टोप, म्हणजे माल काढण्याची जागा, असा वर सरकत सरकत वरच्या लेव्हलच्या तळाजवळ पोचतो. त्या तळावर वरच्या स्टोपची वाळू बसलेली असते. मधे जो चार-सहा मीटरचा माल उरतो तो क्राउन पिलर. वरच्या बाजूने बघणारा त्यालाच सिल पिलर म्हणतो.

वाद नावाचा नाही, वजनाचा आहे. ६० मीटर लांब, ४.६ मीटर रुंद, ६ मीटर जाड पिलरमध्ये ३.६ घनता धरली तर जवळपास ५,९६० टन माल होतो. सोडवत नाही, हे मान्य. पण तो काढायला गेलेली माणसं वाळूच्या तीस मीटर उंच ढिगाखाली उभी असतात.

टप्पा १: डोक्यावर काय आहे ते ठरवा

तीनच शक्यता असतात.

पहिली: वरच्या स्टोपचा पहिला कट भरताना खाली सिमेंट मिसळलेल्या फिलची जाड चादर, म्हणजे सिल मॅट, मुद्दाम घातलेली आहे आणि तिची नोंद आहे. दुसरी: मॅट नाही, नुसती वाळू आहे. तिसरी, आणि सगळ्यात त्रासाची: मॅट घातली होती असं सगळे सांगतात, पण कागद नाही.

तिसरी स्थिती दुसरीसारखीच धरा. ‘घातली होती साहेब, मी स्वतः उभा होतो’ हे ऐकून माणसाचा मान राखा, पण हिशोबात मॅट शून्य लिहा. ड्रिलने कोअर (दंडगोल नमुना) काढून हातात आली की मग बदला.

या टप्प्यात जुने प्लॅन आणि सेक्शन, स्टोइंगचं रजिस्टर, जुन्या विंझ आणि रेझ (लेव्हल जोडणारे उभे मार्ग), आणि विशेषतः नमुन्यासाठी मारलेली जुनी डायमंड ड्रिल होल शोधा. बुजवायची राहून गेलेली जुनी होल म्हणजे वाळूला वरून खाली यायला तयार नळ. परवानगीचा अर्जही इथूनच सुरू करा. १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्सखाली येणाऱ्या खाणीत डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) लेखी परवानगीतल्या अटी पिलरच्या कामाला लागू असतात. डिझाइन झाल्यावर त्या वाचणारे पुष्कळ आहेत. मग डिझाइन दोनदा होतं.

टप्पा २: पिलरची खरी जाडी मोजा

प्लॅनवर ६ मीटर लिहिलंय म्हणून पिलर ६ मीटर नसतो. वरचा पहिला कट घेताना तळ अर्धा मीटर जास्त फुटलेला असतो, खालच्या शेवटच्या कटने छत तेवढंच जास्त खाल्लेलं असतं. पाच मीटर उरले तर नशीब. शिवाय जाडी सगळीकडे सारखी नसते. ती दर पाच-सहा मीटरवर प्रोब होल (तपासणीचं भोक) मारून बघायची.

प्रोब होल साधं मारायचं नाही. होलच्या तोंडाशी दीड-दोन मीटरचा पाइप ग्राउटमध्ये (पातळ सिमेंटमध्ये) पक्का बसवा, त्याला कॉक (तोटी) लावा, ग्राउट घट्ट झाल्यावर पाण्याचा दाब देऊन पाइप हलत नाही ना ते बघा, आणि पुढचं ड्रिलिंग त्या पाइपातून करा.

मी नवा असताना एका खाणीत हे केलं नव्हतं. रॉड बाहेर ओढला. आधी थेंब पडले, मग किटलीतून चहा ओतावा तशी धार लागली, आणि पाच मिनिटांत मुठीएवढंही नसलेल्या भोकातून ओल्या वाळूचा सलग दोर सुटला. लाकडाची खुंटी ठोकून, गोणपाट कोंबून ती थांबवेपर्यंत खाली टबभर वाळू जमली होती. आमचा मेट (मुकादम) एवढंच म्हणाला, “साहेब, झाकण आधी लावतात.” नुकसान काहीच नव्हतं, पण तेवढी वाळू गेली म्हणजे वर तेवढी पोकळी झाली, हे डोक्यात शिरायला मला दुसरा दिवस लागला.

तपासा: प्रत्येक होलची नोंद तीन आकड्यांत करा: कुठे माल संपला, कुठे सिमेंटचं फिल लागलं, कुठे सैल वाळू लागली. रॉडचा वेग आणि परतीच्या पाण्याचा रंग बदलला की लगेच लिहायचं. मँगनीजमध्ये हे सोपं आहे, पाणी काळ्याचं पिवळट-राखाडी होतं. शिफ्ट संपल्यावर आठवून लिहिलेली नोंद फाडून टाका.

टप्पा ३: पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सँड स्टोइंगमध्ये वाळू पाण्याबरोबर येते आणि पाणी झिरपून जाईल असं आपण गृहीत धरतो. फिलमधून ताशी १० सेंटीमीटर पाणी झिरपावं हा जुना ठोकताळा आहे. वाळूत चिकणमाती किंवा बारीक गाळ आला की हा वेग कोसळतो. नदीची चांगली वाळू मिळेनाशी झाल्यापासून ज्या खाणी इतर माल भरतात, त्यांनी तर हा आकडा स्वतः मोजल्याशिवाय पुढे जाऊच नये.

ओली वाळू नुसती जड नसते. पाण्याने पूर्ण भरलेली वाळू सुरुंगाच्या हादऱ्याने द्रवासारखी वागते, आणि द्रवाला पिलरमधली बोटभर फटही पुरते.

क्रम असा ठेवा:

१. वरच्या लेव्हलवरून या स्टोपमध्ये येणारं सगळं पाणी वळवा. गटार, गळके पाइप, शेजारच्या स्टोपचं स्टोइंग. पिलरचं काम चालू असताना शेजारी स्टोइंग चालू ठेवणं ही नेहमीची चूक. ते पाणी फिलमधून आडवं सरकत तुमच्या डोक्यावर येतं.

२. प्रोब होलच्या काही पाइपांचे कॉक उघडे ठेवून निचरा होऊ द्या. पाइपाच्या टोकाला छिद्रांचा, जाळी गुंडाळलेला तुकडा असला पाहिजे. पाणी यावं, वाळू नको.

३. दोन-तीन पाइपांना प्रेशर गेज लावा आणि रोज एकाच वेळी वाचा.

तपासा: पाइपातून धार बंद झाली म्हणजे पाणी संपलं असं नाही, जाळी गाळाने बसलेली असू शकते. कॉक बंद करून गेज बघा. दाब चढला तर पाणी आहेच.

इशारा: विदर्भात जून ते सप्टेंबर हा पिलर काढायचा हंगाम नाही. उथळ लेव्हलवर जुनी ओपनकास्ट वर उघडी असेल तर नाहीच नाही. आणि जवळपास पाणी साचलेली जुनी कामं असतील तर ६० मीटरच्या आत जायला वेगळी परवानगी लागते, हे प्लॅनवर कंपास ठेवून आधी बघा.

टप्पा ४: छताचा हिशोब करा, रुंदीपासून

पिलर काढला की मॅट हेच छत. ते चार तऱ्हांनी जातं: मधे वाकून फुटतं, दोन्ही भिंतींवरून घसरतं, खालून थराथराने गळतं, किंवा तिरक्या पट्ट्यात हँगवॉलकडून (वरच्या भिंतीकडून) सुटून फूटवॉलभोवती (खालच्या भिंतीभोवती) फिरतं. चारही तपासायचे. इथे वाकण्याचा हिशोब दाखवतो, कारण रुंदीची किंमत त्यात उघड दिसते.

वरच्या वाळूचा सगळा भार खाली येत नाही. कणगीतल्या ज्वारीसारखी ती दोन्ही भिंतींना घासून लटकते. वाळू १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर आणि ३० मीटर उंच धरली तर सरळ हिशोबाने तळाशी ५४० किलोपास्कल दाब व्हायला हवा. पण स्टोप ४ मीटर रुंद, घर्षणकोन ३१ अंश आणि बाजूच्या दाबाचा गुणांक ०.४ धरला तर तो सुमारे १४५ किलोपास्कल येतो. त्यात ३ मीटर जाड मॅटचं स्वतःचं वजन ६० मिळवा. एकूण २०५.

दोन्ही टोकं धरलेल्या तुळईत तळाशी येणारा ताण म्हणजे भार गुणिले (रुंदी भागिले जाडी) यांचा वर्ग, भागिले दोन. आपल्या उदाहरणात सुमारे १८२ किलोपास्कल. सिमेंट फिलची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहावा भाग धरतात. म्हणजे १.८ मेगापास्कलचं फिल जेमतेम उभं राहील, आणि सुरक्षागुणक २ घेतला तर ३.६ लागेल. अवघड आहे, पण होतं.

आता तीच ३ मीटर मॅट, फक्त स्टोप ६ मीटर रुंद. भिंतींची मदत कमी होते, वाळूचा दाब २०५ वर जातो, मॅट धरून २६५. ताण ५३० किलोपास्कल. सुरक्षागुणक २ ला १०.६ मेगापास्कलचं फिल लागेल. ते काँक्रीट झालं, फिल नाही. रुंदी दीडपट झाली आणि लागणारी ताकद जवळजवळ तिप्पट.

आता ४ मीटर रुंदीवर परत या, पण वाळू पाण्याने भरलेली आहे. कणगीची मदत गेली, ५४० चा पूर्ण दाब खाली आला. ताण पुन्हा ५३० च्या घरात. टप्पा ३ एवढा लांबला तो याचसाठी.

नेहमीची चूक: पट्ट्याची खरी जाडी रुंदी म्हणून घालणं. पट्टा ४ मीटर जाड आणि ६० अंश तिरका असेल तर आडवी रुंदी ४.६ मीटर असते. रुंदीचा वर्ग होतो आणि वाळूचा दाबही वाढतो, त्यामुळे नुसत्या या एका चुकीने ताण जवळजवळ एक तृतीयांशाने कमी लेखला जातो. मी हा आकडा दर वेळी पहिल्यांदा तपासतो, आणि बऱ्याच वेळा तिथेच थांबतो.

टप्पा ५: मॅट अजून घालायची असेल तर

तुमचा वरचा स्टोप आत्ता पहिल्या कटवर असेल तर तुम्ही भाग्यवान. पाच-दहा वर्षांनी खाली उभ्या राहणाऱ्या माणसाचं छत आज तुमच्या हातात आहे.

तळ घासून साफ करा. ब्लास्टचा चुरा, गाळ, पडलेले पाइप, लाकडं सगळं बाहेर. भिंतींवरचा चिखल धुऊन काढा, नाहीतर फिल भिंतीला धरत नाही आणि घसरण्याचा हिशोब कागदावरच राहतो. मग तळावर वीतभर बारीक माल मुद्दाम पसरा. खालून ब्लास्ट होईल तेव्हा हा सैल थर गळून पडतो आणि मॅटला सरळ धक्का बसत नाही. अमेरिकेत आयडाहोमधल्या लकी फ्रायडे खाणीत वरून खाली, फिलच्याच छताखाली काम करत जाण्याची पद्धत १९८० च्या दशकात बसवली. तिथे या सैल थरात उभे बोल्ट खोचून ठेवतात आणि वरून फिल ओततात. खाली आल्यावर बोल्टची टोकं तयार मिळतात, त्यांना जाळी आणि प्लेट लावायची.

भरणं एका दमात व्हावं. मधे शिफ्ट बदलली, पाइप तुंबला, सिमेंट संपलं की आडवा सांधा पडतो, आणि ३ मीटरची मॅट प्रत्यक्षात दीड-दीड मीटरच्या दोन पातळ चादरी होते. वरचं सूत्र बघा: जाडीचाही वर्ग आहे.

पाणी जास्त असलं तर सिमेंट पाण्याबरोबर लांबच्या टोकाला जाऊन बसतं आणि पाइपाच्या तोंडाशी नुसती जाड वाळू राहते. म्हणून नमुने मिक्सरजवळून घेऊ नका, स्टोपमधल्या पाइपाच्या टोकाशी घ्या, आणि दोन्ही टोकांकडून घ्या. पुढे कोअर काढाल तेव्हा नमुन्याच्या सिलिंडरचा आकडा आणि कोअरचा आकडा शेजारी ठेवून बघा. कमी असेल तोच धरायचा.

टप्पा ६: मॅट नसेल तर

तीन रस्ते आहेत.

पहिला, पिलरचा वरचा भाग छत म्हणून सोडून द्यायचा. या कातडीची जाडी ठोकताळ्याने नाही, खडकाच्या फटी बघून ठरते. आपल्या उदाहरणात दीड मीटर सोडला तर पाव पिलर, म्हणजे सुमारे १,४९० टन, तिथेच राहतो. मॅनेजरला हा आकडा आधीच सांगा.

इथली ठरलेली चूक म्हणजे कातडीला सरळ वर बोल्ट मारणं. बोल्टचं वरचं टोक वाळूत जातं आणि वाळूत बोल्ट धरत नाही. उलट तेवढी भोकं पडतात. केबल बोल्ट (तारदोराचे लांब बोल्ट) तिरके, हँगवॉल आणि फूटवॉलच्या घट्ट खडकात घ्यावे लागतात.

दुसरा रस्ता, खालून सिमेंट ग्राउट देऊन तळाची वाळू घट्ट करायची. जाड, स्वच्छ वाळूत ग्राउट पसरतो. गाळ असलेल्या वाळूत तो एका फटीतून निघून जातो आणि पोती मात्र संपतात. ग्राउटनंतर कोअर निघाली नाही, तर ग्राउट झाला नाही असंच समजायचं.

तिसरा, पिलर छोट्या तुकड्यांत लाँगहोलने (दुरून मारलेल्या लांब होलनी) पाडायचा, वाळू येणार हे धरून चालायचं आणि आत माणूस पाठवायचा नाही. मँगनीजमध्ये याची किंमत सिलिकात मोजली जाते. वाळू मिसळली की मालातला सिलिका वाढतो आणि भाव घसरतो. कागदावरच्या टनांवर खूश होऊन हा रस्ता घेऊ नका.

टप्पा ७: तुकडे आणि दिशा

लांबच्या टोकापासून येण्याच्या वाटेकडे मागे सरकत या. उलट केलंत तर पुढचा प्रत्येक तुकडा काढायला भरलेल्या किंवा रिकाम्या पोकळीखालून जावं लागेल. तुकड्याची लांबी किती दिवस उघडं राहील त्यावर ठरवा: भरायची तयारी आठवड्यात होत असेल तर आठवड्यात निघेल एवढाच तुकडा.

दोन बाजूंनी काम सुरू करून मधे भेटायचा मोह टाळा. मधला उरलेला तुकडा सगळा भार अंगावर घेतो. खोल कामात तो आवाज करून फुटतो, आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींचा रॉक बर्स्टचा अनुभव असलेल्या जुन्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

टप्पा ८: ड्रिलिंग आणि ब्लास्टिंग

इथे आता फार सांगण्यासारखं उरत नाही.

कुठलंही होल मॅटमध्ये शिरता कामा नये. प्रोबच्या नोंदीवरून प्रत्येक रिंगची (होलच्या ओळीची) वेगळी खोली काढा, मॅटच्या खाली अर्धा ते एक मीटर थांबा, आणि ड्रिलरच्या हातात कागद देण्याऐवजी शेवटच्या रॉडवर रंगीत टेप लावून द्या. खालून दिसतो तो टेप. मॅटजवळच्या आणि भिंतीलगतच्या होलमध्ये दारू कमी, प्रत्येक डिलेला (एका वेळी उडणाऱ्या गटात) कमीत कमी होल. स्लॉट रेझही (फुटणाऱ्या मालाला पहिली मोकळी जागा देणारा उभा मार्ग) मॅटच्या खालीच थांबवा.

तपासा: एखाद्या होलमधून वाळू किंवा पाणी आलं तर ते होल चार्ज करायचं नाही. खुंटी मारा, ग्राउट करा, रिंग पुन्हा काढा.

टप्पा ९: माल उचलणं

रिमोटवर चालणारा एलएचडी (माल भरून नेणारा लोडर) असेल तरच उघड्या भागात बकेट जाईल. ऑपरेटर, ब्लास्टर, सर्व्हेअर, कुणीही पोकळीच्या कडेपुढे जाणार नाही. ‘नुसतं डोकावून येतो’ म्हणणाऱ्यांत सर्व्हेअर सर्वांत पुढे असतात, म्हणून त्यांचं नाव घेतलं.

प्रत्येक बकेट बघा. काळ्या मालात राखाडी ढेकळं दिसली तर मॅटचे तुकडे सुटायला लागलेत. पिवळट वाळू दिसली तर मॅट फुटली आहे. खालीलपैकी काहीही झालं तर यंत्र बाहेर, माणसं बाहेर, आणि पुन्हा जायचा निर्णय शिफ्टमध्ये नाही:

– सलग दोन बकेटमध्ये वाळू
– गेजवरचा दाब एका शिफ्टमध्ये चढणं
– कोरड्या भागात नवी ओल, किंवा स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं
– वरच्या लेव्हलवर वाळूचा पृष्ठभाग खचणं

शेवटच्या मुद्द्यासाठी वर एक माणूस लागतो. दर शिफ्टला वाळूवर रोवलेल्या खुणेच्या काठ्या बघून यायचं एवढंच त्याचं काम. त्याला दुसरं काम देऊ नका.

टप्पा १०: लगेच भरा

उरलेला थोडा माल खरवडण्यात दोन दिवस घालवून पोकळी उघडी ठेवणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. त्या मालाची किंमत काढा आणि पुढच्या तुकड्याच्या छताची काढा.

बॅरिकेड, म्हणजे फिल अडवणारा आडोसा, आधी तयार हवा. हेशियन (तागाचं) कापड, जाळी, निचऱ्याचे पाइप, सगळं. भिंतीत नीट खाचा करून बसवलेला. भरण्याचा वेग निचऱ्यापेक्षा जास्त झाला की बॅरिकेडवर वाळूचा नाही, पाण्याचा दाब येतो. २००० साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्राँझविंग सोन्याच्या खाणीत फिलचा बॅरिकेड फुटून तीन कामगार गेले. पहिले दोन-तीन मीटर थांबत थांबत भरा, बॅरिकेडमधून येणारं पाणी मोजा, आणि जेवढं आत जातं त्याच्याशी ताळा लावा. भरत असताना बॅरिकेडसमोरच्या ड्राइव्हमध्ये (बोगद्यात) फाटक लावून कुलूप घाला.

भरण्याचा पाइप पोकळीच्या सर्वांत उंच ठिकाणी, आणि हवा निघायला दुसरा पाइप त्याहून वीतभर वर. फिल उताराने बसतं, त्यामुळे पाइप चुकीच्या टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाला मॅटखाली मीटरभर फट राहते आणि मॅट अधांतरीच. हवेच्या पाइपातून फिलचं पाणी बाहेर आलं की थांबा, पाणी झिरपू द्या, दुसऱ्या दिवशी बसलेली जागा पुन्हा भरा. पुढच्या तुकड्याचं चार्जिंग त्यानंतरच, आणि फिल सिमेंटचं असेल तर शेजारच्या नमुन्यांचा निकाल हातात आल्यावर.

पावसाळा महिनाभरावर आला असेल आणि अजून दोन तुकडे बाकी असतील, तर ते ऑक्टोबरपर्यंत तसेच ठेवा. गेज मात्र रोज वाचत राहा.